मोटर जळली नाही, जाळली

मे महिन्यात कुठल्याही तालुक्याच्या गावी पंपाच्या दुकानात तासभर उभे राहा आणि गिऱ्हाईक काय विचारतं ते ऐका. किती एचपी? किती स्टेज? किती फुटांवरून उचलेल? वायंडिंग तांब्याचं ना? गॅरंटी किती? सगळे प्रश्न रास्त आहेत. पण मोटरबरोबर भिंतीवर लावायची पत्र्याची पेटी मिळते, तिच्या पोटात काय आहे हे कोणी विचारत नाही. दुकानदार आपणहून सांगत नाही. बिलावर ‘पॅनल - १’ एवढं लिहून विषय संपतो.

हा विषय तिथेच सुरू व्हायला हवा. सिंगल फेजच्या सबमर्सिबलमध्ये ती पेटी म्हणजे मोटरचाच भाग आहे. अर्धी मोटर तीनशे फूट खाली पाण्यात असते आणि उरलेली भिंतीवर. खालच्या भागासाठी आपण हजारो रुपये मोजतो. वरच्या भागात बसतो तो शे-दोनशे रुपयांचा कपॅसिटर. तो चुकीचा निघाला, की खालचे हजारो रुपये जळतात आणि मग सगळे म्हणतात, मोटर जळली. मोटर आपली आपण फार क्वचित जळते. बहुतेक वेळा ती जाळली जाते, आणि जाळणाऱ्या चुका आधीच टाळता येण्यासारख्या असतात.

आधी कपॅसिटर लागतो कशाला, ते पाहू. थ्री फेजच्या मोटरमध्ये तीन वायंडिंगना वेगवेगळ्या क्षणी करंट मिळतो. त्यामुळे आतलं चुंबकीय क्षेत्र आपोआप गोल फिरतं आणि रोटरला बरोबर ओढून नेतं. सिंगल फेजमध्ये ते क्षेत्र जागच्या जागी वाढतं, मावळतं, उलटतं, फिरत नाही. सायकलचं पायंडल अगदी वरच्या टोकाला उभं असताना ते सरळ खाली कितीही दाबा, चाक हलत नाही. बाजूने एक धक्का लागतो. मोटरमध्ये हा बाजूचा धक्का द्यायला दुसरं वायंडिंग असतं, त्याला मेकॅनिक स्टार्टिंग वायंडिंग म्हणतात. दोन्ही वायंडिंगमधला करंट एकाच क्षणी चढला-उतरला तर त्याचा उपयोग शून्य. दुसऱ्यातला करंट पुढे सरकवावा लागतो, शक्य तितका ९० अंशांच्या जवळ, म्हणजे पाव आवर्तनाने. ते काम कपॅसिटर करतो. तो किती मोठा आहे आणि किती वेळ जोडलेला राहतो, यावरून मोटरचा प्रकार ठरतो.

कपॅसिटरशिवायही मोटर सुरू करता येते. स्टार्टिंग वायंडिंग बारीक तारेचं करायचं, म्हणजे त्याचा रोध वाढतो आणि करंट थोडा सरकतो. थोडाच, साधारण तीस अंश. अमेरिकेत घरगुती बोअरला अशा टू-वायर मोटरी मिळतात. सुरुवात करून देणारं स्विच मोटरच्या पोटातच असतं, वर पेटीची गरज नाही. स्थिर व्होल्टेज आणि उथळ विहीर असेल तर ते ठीक. पण ते स्विच बिघडलं की संपूर्ण मोटर वर काढावी लागते. आपल्याकडे संध्याकाळी दिवे मंद होतात, त्या व्होल्टेजवर मोटर सुरू करायची असते. इथे या प्रकाराचं काम नाही.

आपल्या घरात रोज डोक्यावर फिरणारा प्रकार वेगळा. छताच्या पंख्यात अडीच किंवा ३.१५ एमएफडीचा (मायक्रोफॅरडचा) एकच कपॅसिटर असतो आणि तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत जोडलेलाच राहतो. इंग्रजी आद्याक्षरांवरून या प्रकाराला पीएससी म्हणतात. सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीतली ओपनवेल सबमर्सिबल, नळाचं पाणी ओढणारी अर्ध्या एचपीची मोनोब्लॉक, या बहुतेक याच जातीच्या. मला हा प्रकार मनापासून आवडतो. यात स्विच नाही, रिले नाही, बटण धरून ठेवण्याची भानगड नाही. बिघडण्यासारखी वस्तू एकच आणि ती हाताशी. चालताना पॉवर फॅक्टर चांगला, आवाज कमी, करंट बेताचा. उणीव एकच आहे, उठताना ताकद कमी. अनेकदा सुरुवातीचा टॉर्क पूर्ण भाराच्या टॉर्कपेक्षाही कमी पडतो.

मग पंप सुरू होतो कसा? कारण सेंट्रिफ्यूगल पंप हा सुरुवातीला फार समजूतदार गडी आहे. त्याचा भार वेगाच्या वर्गाने वाढतो. अर्ध्या वेगाला असताना तो पूर्ण भाराच्या साधारण चौथा हिस्साच मागतो. उभा असताना तर फक्त बेअरिंगचं आणि सीलचं घर्षण. म्हणून साध्या टाकीला, उथळ विहिरीला, व्होल्टेज बऱ्यापैकी असलेल्या गावाला पीएससी पुरते. तिथे ‘डबल कंडेन्सरवालीच (म्हणजे दोन कपॅसिटरची) घ्या, दमदार असते’ असं सांगून महागडं पॅनल गळ्यात मारणारा विक्रेता तुम्हाला फसवतो आहे. टाकीतल्या आठ फूट पाण्यासाठी स्टार्ट कपॅसिटरची गरज नसते.

गरज कुठे असते, तर खोल बोअरला. तिथे चेक व्हॉल्व्हवर उभा असलेला पाण्याचा स्तंभ, थ्रस्ट बेअरिंगवरचा दाब, पंपात शिरलेली बारीक वाळू, दोन-तीन महिने बंद पडून राहिल्यामुळे घट्ट झालेला पंप आणि सगळ्यात वर लांब केबल. या सगळ्याला मिळून उठताना जोर लागतो. तो जोर देतो स्टार्ट कपॅसिटर. तो रन कपॅसिटरच्या, म्हणजे पीएससीतल्यासारख्या कायम जोडलेल्या कपॅसिटरच्या, कितीतरी पट मोठा, शंभर-दीडशे एमएफडीचा, सुरुवातीचे क्षण जोडलेला आणि नंतर बाजूला झालेला.

इथे पुन्हा दोन पोटजाती आहेत आणि फरक पैशात मोजावा असा आहे. पहिलीत फक्त स्टार्ट कपॅसिटर असतो. मोटरने वेग घेतला की तो सुटतो आणि पुढे मोटर एकट्या मुख्य वायंडिंगवर चालत राहते. उठते जोरात, पण चालताना गुरगुरते, पॉवर फॅक्टर घसरतो, करंट जास्त ओढते. तो जादा करंट लांब केबलमधून जातो आणि केबलमध्येच उष्णता होऊन संपतो. अमेरिकेतल्या लहान थ्री-वायर मोटरींच्या पेट्यांत हा प्रकार सर्रास सापडतो. दुसरीत स्टार्ट आणि रन असे दोन्ही कपॅसिटर: उठताना दोघे मिळून, नंतर एकटा रन. टॉर्क पूर्ण भाराच्या दुप्पट-तिप्पट आणि चालताना पीएससीचे सगळे गुण. आपल्याकडे चार इंची बोअरला बसणाऱ्या व्ही-फोर मोटरींबरोबर मिळणारी चांगली पॅनलं या जातीची असतात. खोल बोअर आणि सिंगल फेज असेल, तर मी दुसऱ्या कुठल्या प्रकाराची शिफारस करणार नाही.

आता पॅनलवरचं हिरवं बटण. कारखान्यातल्या साध्या मोटरीत स्टार्ट कपॅसिटर तोडायला शाफ्टवर सेंट्रिफ्यूगल स्विच असतं; मोटरने तीन चतुर्थांश वेग घेतला की ते उघडतं. पाण्याने भरलेल्या सबमर्सिबलमध्ये ते चालणार नाही. म्हणून तोडण्याचं काम वर पेटीत होतं. चांगल्या पेटीत व्होल्टेज ओळखणारा रिले असतो, मोटरचा वेग वाढला की स्टार्टिंग वायंडिंगवर चढणारं व्होल्टेज पाहून तो स्टार्ट कपॅसिटर आपणहून तोडतो. आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त पॅनलांत हा रिले नसतो. तिथे स्टार्ट कपॅसिटर जोडला जातो हिरव्या बटणातूनच: बोट दाबलेलं आहे तोवर तो जोडलेला, बोट काढलं की सुटला. म्हणजे मोटरच्या आयुष्यातला सर्वांत नाजूक निर्णय घरातल्या कोणाच्याही बोटावर सोपवलेला असतो आणि त्या बोटाला कोणी काही सांगितलेलं नसतं.

सांगायला हवं होतं ते इतकंच: दोन-तीन सेकंद, बस. मोटरचा आवाज चढून स्थिर झाला की बोट काढायचं. स्टार्ट कपॅसिटर इलेक्ट्रोलिटिक जातीचा असतो. छोट्या डब्यात भरपूर एमएफडी बसवण्यासाठी तो तसा केलेला असतो आणि त्याची किंमत म्हणजे तो सतत जोडलेला राहू शकत नाही. तीन सेकंद वापरला तर पुढची तीन मिनिटं विश्रांती, असं साधारण त्याचं प्रमाण धरतात. लोक काय करतात? पाणी येईपर्यंत बटण दाबून ठेवतात. वर टाकीवर उभा असलेला मुलगा ‘आलं, आलं’ ओरडेपर्यंत. किंवा मोटर उठली नाही तर लगेच पुन्हा दाबतात, पुन्हा दाबतात, दहा वेळा दाबतात. डबा फुगतो, वरचं झाकण उडतं, आतलं रसायन पॅनलभर पसरतं. आणि स्टार्टिंग वायंडिंग बारीक तारेचं असल्याने खालीसुद्धा तेच आधी भाजतं. दोन-तीन प्रयत्नांत मोटर उठली नाही, तर थांबा आणि कारण शोधा. चौथ्यांदा दाबल्याने कारण दूर होत नाही.

टाकीच्या पातळीवर आपोआप चालू-बंद करणारी यंत्रं हल्ली घरोघर बसतात. ती लावताना स्टार्टची वेळ किती सेकंद ठेवली, हे विचारा. स्टार्ट आणि रन यांच्या वायरी नीट वेगळ्या न काढता यंत्र जोडलेली पॅनलं उघडली की आत काळवंडलेला स्टार्ट कपॅसिटर हमखास सापडतो. पाच मिनिटं वाचवणाऱ्या इलेक्ट्रिशियनची ती सही असते.

केबलबद्दल मला सर्वांत जास्त राग आहे, कारण तिथली चूक ठरवून केली जाते. मोटरचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. व्होल्टेज तीन चतुर्थांश झालं तर टॉर्क जवळजवळ अर्धा होतो. ढोबळ हिशेब करू. एक एचपीची मोटर चालताना साधारण सात-आठ अँपिअर घेते आणि उठताना त्याच्या चौपट, म्हणजे ३० च्या आसपास. मोटर ३०० फुटांवर आहे, म्हणजे करंटला जायला-यायला ६०० फूट तांब्यातून जावं लागतं. दीड चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये एवढ्या अंतराचा रोध जवळपास अडीच ओहम होतो, चार चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये एक ओहमहून कमी. गावात व्होल्टेज २०० आहे असं धरलं, तर दीडच्या केबलवर उठताना मोटरच्या तोंडाशी दीडशेच्या आसपास व्होल्ट पोहोचतात. सुरुवातीचा टॉर्क ठरलेल्याच्या निम्म्याहून कमी. चारच्या केबलवर तोच टॉर्क साठ टक्क्यांच्या आसपास राहतो. मोटर तीच, कपॅसिटर तोच, बोअर तोच. एकीत मोटर उठेल आणि दुसरीत जागेवर गुणगुणत बसेल.

आणि गुणगुणणारी मोटर दिसली की आपले लोक काय बदलतात? कपॅसिटर. ३६ चा काढून ५० चा लावतात. कारण दीड चौरस मिलिमीटरची केबल स्वस्तात घालणारा माणूस ‘केबल मीच बारीक दिली’ असं कधी म्हणणार नाही. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन आहे. प्रत्यक्षात बोअर किती खोल जातात हे बोअरच्या गाड्या पाहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. पाण्याची पातळी खाली गेली की मोटर खाली सोडतात, पाइप वाढवतात, केबलला त्याच बारीक केबलचा तुकडा जोडतात. खोली वाढली, केबल तीच. दरवर्षी मोटर अधिक खोलवर आणि अधिक कमी व्होल्टेजवर उठायला लावायची आणि ती मेली की कंपनीला नावं ठेवायची, हे थांबलं पाहिजे.

‘मोठा कंडेन्सर टाकला की मोटर जोरात चालते’ हा गैरसमज एकदा गाडून टाकू. मोटरचा वेग वीजपुरवठ्याच्या ५० हर्ट्‌झवर आणि तिच्या पोलच्या संख्येवर ठरतो. दोन पोलची मोटर पूर्ण भारावर मिनिटाला २८५० च्या आसपास फेरे घेते. कपॅसिटर ३६ असो वा ५०, ती तीन हजारांच्या पुढे जाऊ शकत नाही. पाणी वाढत नाही. वाढतो तो स्टार्टिंग वायंडिंगमधला करंट, कारण रन कपॅसिटर त्याच्याशी कायम जोडलेला असतो आणि त्याचा आकार वाढवला की त्यातून सतत वाहणारा करंटही वाढतो. मोटर आज चालते, उद्या चालते, ऐन उन्हाळ्यात तासन्‌तास चालवली की वायंडिंग भाजतं. उलट लहान कपॅसिटर लावला तर मोटर नीट उठत नाही आणि मुख्य वायंडिंगवर भार येतो. एक एचपीला साधारण ३६, दीडला ५०, दोनला ७२ एमएफडी असे आकडे आपल्या बाजारात फार आढळतात, पण ते गुरुमंत्र नाहीत. वायंडिंगची रचना कंपनीनुसार बदलते आणि आकडा मोटरच्या पट्टीवरच वाचायचा असतो. शेजाऱ्याच्या पॅनलमध्ये काय आहे ते पाहून तो ठरत नाही.

रिवाइंडिंगनंतर तर हे आणखी जपायला हवं. वेढ्यांची संख्या किंवा तारेची जाडी बदलली, तर जुना कपॅसिटर बरोबर राहीलच असं नाही. चांगला रिवाइंडर मोटर परत देताना भारावर चालवून दोन्ही वायंडिंगमधला करंट तपासतो आणि कपॅसिटर किती हवा ते लिहून देतो. तुमचा रिवाइंडर असं करत नसेल तर रिवाइंडर बदला.

कपॅसिटरच्या डब्यावर छापलेली ओळ वाचायला शिका, तिच्यात सगळं असतं. रन कपॅसिटरवर ४४० व्होल्ट लिहिलेलं असतं. घरात २३० व्होल्ट असताना हे कशाला, असा प्रश्न पडतो. वायंडिंग आणि कपॅसिटर एकापुढे एक जोडल्यावर कपॅसिटरच्या टोकांवर पुरवठ्यापेक्षा जास्त, तीनशे-साडेतीनशे व्होल्टसुद्धा येतात. म्हणून त्या जागी अडीचशे-पावणेतीनशे व्होल्टचा स्टार्ट कपॅसिटर ‘तात्पुरता’ लावणं धोक्याचं आहे. भारतीय मानकात मोटरच्या कपॅसिटरसाठी आयएस २९९३ आहे. तो आकडा आणि मानक ब्युरोची खूण डब्यावर आहे का ते पाहा. आंतरराष्ट्रीय मानकात रन कपॅसिटरच्या आयुष्याचे वर्ग आहेत: ए म्हणजे ३०,००० तास, बी १०,०००, सी ३,०००, डी १,०००. रोज चार तास चालणाऱ्या मोटरला डी वर्गाचा कपॅसिटर वर्षाच्या आत संपेल आणि बी वर्गाचा सहा-सात वर्षं टिकेल. एकाच एमएफडीच्या दोन डब्यांत किमतीचा फरक का असतो, त्याचं एक कारण हे आहे. ‘लोकल घेऊ का कंपनीचा?’ असा प्रश्न दुकानदार विचारतो तेव्हा तो खरं म्हणजे तासांबद्दल विचारत असतो, फक्त ते बोलत नाही.

चांगला रन कपॅसिटर एकदम मरत नाही. आतला पातळ धातूचा थर ठिकठिकाणी जळून आपणच दुरुस्त होत जातो आणि दर वेळी थोडा एमएफडी कमी होतो. ३६ चा कपॅसिटर वर्षा-दोन वर्षांत २८ वर आलेला असतो, डबा बाहेरून नव्यासारखा दिसतो. मोटर उठायला वेळ घेते, आवाज बदलतो, पाणी कमी वाटतं. मग निदान होतं: मोटर गेली. तिकाटणं उभं राहतं, चेनपुली येते, चार माणसं लागतात, पाइप एकेक करून काढतात, केबल ओरबाडली जाते, वर आलेली मोटर दुकानात पाण्याच्या टाकीत चालवून पाहतात आणि ती ठणठणीत निघते, कारण दुकानातल्या पॅनलमध्ये चांगला कपॅसिटर असतो. एवढा सगळा खर्च एक मोजमाप न घेतल्यामुळे.

ते मोजमाप सोपं आहे. पॅनल पूर्ण बंद करून, कपॅसिटर डिस्चार्ज करून, एमएफडी मोजणाऱ्या मल्टिमीटरने थेट वाचा. डिस्चार्ज करताना स्क्रू-ड्रायव्हरने टोकं जोडायची सवय मेकॅनिकांनी सोडावी. बल्बची दोन टोकं लावली की काम होतं आणि डोळे शाबूत राहतात. चालत्या मोटरवर तपासायचं असेल तर ते जाणत्या वायरमनने करावं: रन कपॅसिटरच्या वायरवर क्लॅम्प मीटर लावून अँपिअर घ्यायचे, कपॅसिटरच्या दोन टोकांमधले व्होल्ट घ्यायचे. अँपिअरला ३१८३ ने गुणून व्होल्टने भागलं की एमएफडी मिळतो, कारण आपली वीज ५० हर्ट्‌झची आहे. ३.८ अँपिअर आणि ३४० व्होल्ट आले तर उत्तर साडेपस्तीसच्या आसपास, ३६ चा डबा निरोगी. २.९ अँपिअर आणि ३३० व्होल्ट आले तर २८. डबा बदला, मोटरला हात लावू नका. मोटर वर काढण्याआधी हे मोजमाप न घेणाऱ्याला पैसे देऊ नयेत, हे माझं स्पष्ट मत.

केबलच्या तीन वायरींचंही तसंच. लाल, पिवळी, निळी यांपैकी कॉमन कोणती, हे रंगावरून ठरवू नका. कंपन्यांचे रिवाज वेगळे असतात आणि खालच्या जोडात कोणी काय केलं हे वर दिसत नाही. ओहम मोजा. ज्या दोन वायरींमध्ये सर्वांत जास्त रोध येतो, त्यांत नसलेली तिसरी ती कॉमन. कॉमनपासून कमी रोध मुख्य वायंडिंगला, जास्त रोध स्टार्टिंगला. हे दोन उलटे जोडले तर मोटर उलटी फिरते. उलटी फिरणारी मोटरही थोडं पाणी देते आणि तेच वाईट, कारण लोक ‘बोअरचं पाणी कमी झालं’ म्हणून नवा बोअर घ्यायला निघतात.

शेताकडे वळलं की कपॅसिटर नावाचा घोटाळा दुप्पट होतो. महावितरण वर्षानुवर्षं शेतकऱ्यांना सांगतं आहे, कृषिपंपाला कपॅसिटर बसवा. तो कपॅसिटर वेगळा. थ्री फेज मोटरला फिरायला कपॅसिटर लागतच नाही. महावितरण सांगतं तो पॉवर फॅक्टर सुधारणारा, केव्हीएआरमध्ये मोजला जाणारा. पाच एचपीला साधारण दोन केव्हीएआर. तो स्टार्टरनंतर, मोटरला समांतर बसतो. त्यामुळे लाइनवरचा करंट घटतो, डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) ताण कमी होतो, शेवटच्या खांबावरच्या माणसाला चार व्होल्ट जास्त मिळतात. फायदा सगळ्या डीपीचा आहे, म्हणून एकट्याने बसवून भागत नाही. डीपीवरच्या सगळ्यांनी बसवावा लागतो. हे समजावून सांगायला कोणी शिवारात येत नाही, पत्रक तेवढं येतं.

तिसरा वापर जुगाडाचा. दोनच फेज आहेत, तिसरा गेला आहे. मग मोठे कपॅसिटर लावून तिसरा फेज बनवायचा आणि मोटर ओढायची. विजेच्या शास्त्रात ही जोडणी जुनी आणि मान्य आहे, स्टाइनमेट्झच्या नावाने ओळखली जाते. पण मोटरची ताकद अशा वेळी पूर्ण मिळत नाही, दोन तृतीयांशांच्या आसपास धरावी. शेतकरी तिच्याकडून पूर्ण पाणी मागतो. शिवाय एखादा फेज गेला की मोटर बंद करणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर आड येतो म्हणून तो काढून टाकतो, आणि पुढे कपॅसिटर गेला की मोटर वाचवणारं कोणी उरत नाही. त्यात ऑटो स्विच. वीज आली की शिवारातल्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठतात, सगळ्या एकदम कित्येक पट करंट मागतात, व्होल्टेज कोसळतं, कोणाचीच नीट उठत नाही आणि डीपी जळते.

यात शेतकऱ्याला बेजबाबदार म्हणणं सोपं आहे, आणि अन्यायाचं आहे. शेतीच्या फीडरला वर्षानुवर्षं दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास अशी पाळी राहिली. रात्री दोन वाजता वीज आली तर उसाच्या पिकातून, बिबट्याच्या वावरातून, स्टार्टरपर्यंत कोण जाणार? ऑटो स्विच आळसाने बसवलेला नसतो, जिवाच्या भीतीने बसवलेला असतो. दिवसा थ्री फेज द्या, पुऱ्या व्होल्टेजने द्या, मग ऑटो स्विच काढायला सांगा. २०२३ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची दुसरी आवृत्ती आली ती याच दिवसाच्या विजेसाठी. ती बांधापर्यंत किती पोहोचते यावर अनेक मोटरींचं आयुष्य अवलंबून आहे.

‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत ज्यांना पंप मिळाला, त्यांच्यासाठी एक सूचना फार तातडीची. सौर पंपाचा कंट्रोलर सौर पॅनलमधल्या डीसी विजेपासून मोटरला हवी तशी वीज स्वतः बनवतो आणि मोटर हळूहळू वेग वाढवत उठवतो. तिथे स्टार्ट कपॅसिटर नको, रन नको, केव्हीएआरवालाही नको. जुन्या सवयीने कोणी कंट्रोलर आणि मोटरच्या मध्ये कपॅसिटर जोडला तर कंट्रोलरचा आतला भाग उडतो, आणि तो शे-दोनशे रुपयांत मिळत नाही.

मग घ्यायचं काय? टाकी किंवा उथळ विहीर असेल तर पीएससी, एकच रन कपॅसिटर, पैसे वाचवा आणि ते जाड केबलमध्ये घाला. खोल बोअर आणि सिंगल फेज असेल तर स्टार्ट आणि रन दोन्ही असलेलं पॅनल, शक्य असेल तर रिलेवालं. हिरव्या बटणावर विसंबलेलं पॅनल फक्त तिथे, जिथे ते दाबणारा माणूस ठरलेला आहे. दोन एचपीच्या पुढे सिंगल फेजचा हट्ट धरू नका, थ्री फेज मागा. आणि दुकानदाराला सांगा, बिलावर ‘पॅनल - १’ चालणार नाही. स्टार्ट किती एमएफडी, रन किती एमएफडी, किती व्होल्ट, कोणता वर्ग, केबल किती चौरस मिलिमीटर, हे लिहून दे. लिहायला नकार देणाऱ्याकडून मोटर घेऊ नका; बाजारात तो एकटा नाही.

मोटर सोडून झाली, पाणी आलं, की मेकॅनिकला चहा देण्याआधी एक काम करून घ्या. क्लॅम्प मीटरने चालतानाचे अँपिअर आणि व्होल्ट मोजायला लावा. पॅनलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने तारीख, मोटरची खोली, तिन्ही वायरींमधले ओहम, दोन्ही कपॅसिटरचे आकडे, चालतानाचे अँपिअर आणि ‘हिरवं बटण दोन ते तीन सेकंद’ असं लिहून घ्या. दर दिवाळीला रन कपॅसिटर मोजा आणि आलेला आकडा त्याच्याखाली लिहा. पाच टक्क्यांपेक्षा जास्त घसरला असेल तर लक्ष ठेवा, दहाच्या पुढे गेला तर त्याच दिवशी बदला.